पाचवी कुंडी

बाबा, ताई रविवारी येते आहे आणि मला काय करावं ते सुचत नाहीये. नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागायच्या आत येते, असं फोनवर म्हणाली. काटोलला तिचं नवं घर झालं आहे, पुढं मोठं अंगण आहे, सावलीचं नाव नाही, आणि त्या अंगणात तिला तुमची अबोली लावायची आहे. "पाचातली एक दे मले, जास्त नाही मागत," म्हणाली. मी "ये ना" म्हटलं आणि फोन ठेवून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसलो. पाच नाहीत, बाबा. तुम्ही दवाखान्यात होतात त्या उन्हाळ्यापासून एकच आहे. तुम्हाला मी पाच सांगितल्या, ताईला पाच सांगितल्या, आणि तुम्ही गेल्यावर अकरा वर्षं जो विचारेल त्याला पाचच सांगत आलो. आज बुधवार आहे. म्हणजे चार दिवस उरले.

ही अबोली किती वर्षांची मेहनत होती ते माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तर जीव टांगणीला लागला आहे. उमरेडचा हातमाग बंद करून तुम्ही नागपुरात एका सरकारी कचेरीत माळी म्हणून लागलात, तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाफ्यात सगळी उंच झाडं होती आणि एप्रिल संपेस्तोवर त्यांच्या नुसत्या काड्या उरायच्या. तुम्ही बुटकी झाडं शोधत फिरायला लागलात. "उंच झाडाले लू लागते. जे झाड आपल्या पायावर आपलीच सावली पाडते, तेच वाचते," असं साहेबाला सांगितलंत म्हणे. कुणाच्या तरी परसातून अबोलीचं बी आणलंत. दरवर्षी त्यातलं सगळ्यात ठेंगणं, सगळ्यात दाट रोप ठेवायचं, त्याचं बी धरायचं आणि बाकीची रोपं वाटून टाकायची. अबोलीच्या वाळल्या कणसाला पाणी लागलं की बोंडं तडतड फुटतात आणि बी उडून जातं, म्हणून तुम्ही कणसांना आधीच मागावरच्या जुन्या कापडाच्या चिंध्या बांधून ठेवायचात. येणारे-जाणारे विचारायचे की झाडाला लागलं का काही. मी शाळेत होतो तेव्हा हे सुरू झालं, आणि मला नोकरी लागली तोवर तुमची अबोली वीतभर उंचीची, गोल टोपलीएवढी झाली होती आणि भर मे महिन्यात फुलत होती. अशा पाच कुंड्या तुम्ही निवृत्तीच्या दिवशी घरी आणल्यात. सत्काराचा नारळ रिक्षात विसरलात, पण कुंड्या विसरला नाहीत.

होळी झाली की तुम्ही शेंडे खुडायला बसायचात, कळ्यांसकट. आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलायची, "फुलं यायच्या वक्ती कळ्या तोडून राहिले, असा माणूस पायला नाही बाप्पा." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "आता फुलू दिली त मे महिन्यात मरीन. फूल शेजारून मागून आणता येते वं, मूळ नाही आणता येत." आई रागावून आत जायची. मग एक-दीड महिन्यानं, सगळ्या गल्लीत हिरवं पान दिसत नसताना तिच्या वेणीत अबोलीचा गजरा असायचा, आणि तेव्हा मात्र ती काही बोलायची नाही.

आणि मला बसलेली ती बोलणी. मी कॉलेजात होतो, तुमचा डबा घेऊन कचेरीत आलो होतो. दुपारचे दोन वाजलेले, तुम्ही मागच्या बाजूला पाईप गुंडाळताय, आणि इकडे वाफ्यातल्या अबोलीची पानं मान टाकून लोंबताहेत. मला वाटलं मेलीच ती. मी नळाखालची बादली उचलली आणि ओतली. तुम्ही पाईप टाकून धावत आलात. "काहून गा, कोणी सांगतलं तुले? भर दुपारी पाणी टाकून राहिला! मुळं शिजतीन ना तिचे!" साहेबाच्या ड्रायव्हरसमोर. माझे कान तापले. मग तुम्ही मला संध्याकाळपर्यंत तिथंच बसवून ठेवलंत. ऊन उतरलं तशी पानं हळूहळू आपोआप ताठ झाली. "पाह्यलं? ती तहानली नव्हती, ऊन चुकवत होती. झाड तहानेनं कमी मरते, घाबरटाच्या हातानं जास्त मरते." हे मला पाठ होतं, बाबा. पाठ असून काय उपयोग झाला ते पुढं लिहितो.

तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तोही मे महिनाच होता. मी सकाळी तुमच्याकडे यायचो, दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा तुमच्याकडे. तुमच्या खाटेशी मला करण्यासारखं काहीच नव्हतं. सलाईन नर्स लावायची, औषधं ताई बघायची, मी नुसता उभा. आणि दुपारी घरी आलो की अंगणात तुमच्या कुंड्यांची पानं लोंबलेली असायची. मला ते बघवायचं नाही. पाणी घालणं तेवढं माझ्या हातात होतं, म्हणून मी घालत सुटलो. दुपारी घातलं, रात्री घातलं. कुंड्यांखाली थाळ्या ठेवल्या आणि त्याही भरून ठेवल्या, वर कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी. आठ दिवसांत मातीला कुबट वास यायला लागला. पानं पिवळी पडली, मग काळी. पानं गळताहेत म्हणजे तहान वाढली असं समजून मी आणखी पाणी घातलं. तुम्ही खाटेवरून विचारलंत, "अबोली कशी हाये?" मी म्हटलं, टवटवीत आहे. "पाचही?" म्हटलं, पाचही फुलल्यात. तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंत, मग डोळे मिटलेत. तुम्हाला समाधान वाटलं असं मी समजलो. त्या दिवशी सकाळीच मी चौथं झाड उपटलं होतं, मुळं हातात लगद्यासारखी आली होती.

पाचवी कुंडी कुठं आहे हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी ती जिन्यामागच्या कोपऱ्यात सरकवून ठेवली होतीत. तुमचं तेरावं झाल्यावर मी खराटा शोधायला तिकडं गेलो तेव्हा सापडली. एक पान नव्हतं. नखानं साल खरवडली तर आत हिरवी. तिला कुणी पाणी घातलं नव्हतं म्हणून ती वाचली होती. मी तिथं खाली बसून रडलो. तुमच्यासाठी रडलो की झाडासाठी, ते आजही सांगता येणार नाही. आत्ता माझ्याकडं आहे ते तिच्या बियांचं, मग त्याच्याही बियांचं. दर दोन-तीन वर्षांनी नवी पाच-सहा रोपं करतो आणि एकच जगवू शकतो. बाकीची माझ्या हातानं जातात. बायको म्हणते, "झाड आहे का पेशंट? दर घंट्याले काय पाहून राहिले?" तिला काय सांगू?

बुधवारी इथवर लिहून थांबलो होतो, पुढचं आज लिहितो आहे. शुक्रवारी मी एक मूर्खपणा केला, तोही लिहून टाकतो. नर्सरीत गेलो आणि अबोलीच्या चार कुंड्या आणल्या. गुडघ्याएवढी उंच झाडं, हिरव्या जाळीखाली वाढलेली, लुसलुशीत. घरी आणून ती कात्रीनं वीतभर उंचीवर छाटली, गोल आकार दिला आणि तुमच्या झाडाशेजारी ओळीनं अंगणात मांडली. पाच झाल्या. मे महिन्यात छाटणी! तुम्ही असतात तर कात्री हिसकावून घेतली असतीत. शनिवारी दुपारी आडोशाला गोणपाट बांधलं, रविवारी सकाळी आठ वाजता पुन्हा बघितलं तर चारही करपल्या होत्या. पानं कुस्करली की चुरा होत होता. ताईची बस साडेदहाला येणार होती आणि मला त्या कुंड्या लपवायचंही सुचेना.

आज सोमवार. ताई काल येऊन गेली. ती फाटकातून आत आली आणि पिशवी हातात तशीच ठेवून अंगणात थांबली. चार जळक्या काड्या आणि एक तुमचं झाड. बाबा, ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मी म्हटलं, ताई, ऐक, मी सांगतो. ती म्हणाली, "काय सांगतं गा? मले माहीत आहे. अकरा वर्षांपासून माहीत आहे."

तुम्ही तिला सांगितलं होतंत. त्याच दिवशी, मी तुमच्या खाटेपासून उठून गेल्यावर. मी रोज नखांत ओला चिखल घेऊन येत होतो, भर मे महिन्यात, आणि तुम्ही अर्धं आयुष्य माती हाताळलेली. "चार तरी मारल्या असतीन त्यानं," असं म्हणालात म्हणे. "एक मी लपवून आलो आहे. त्याले काही विचारू नको कधी, तो घाबरते." ताईनं तुमच्यासारखाच आवाज काढून सांगितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तवापासून नाही विचारलं. पण आता मीबी साठीच्या पुढं गेली. म्हटलं, मी गेल्यावर याले कोण सांगीन? म्हणून मागितली एक."

मला हायसं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण ती गेल्यावर मला तुमचा भयंकर राग आला. ड्रायव्हरसमोर मला ओरडलात तेव्हा चार तासांत विषय संपला होता. संध्याकाळी पानं उठली आणि आपण दोघं सायकलवर डबलसीट घरी आलो. मग याच वेळी गप्प का बसलात? "काहून गा, मारल्या ना?" एवढं म्हणायला काय लागत होतं? मी रडलो असतो, तुम्ही दोन शब्द सुनावले असते, झालं असतं. तुम्ही मला सांभाळायला गेलात आणि मी अकरा उन्हाळे पाच-पाच म्हणत फिरलो. आजारी माणसावर रागावू नये हे कळतं. तुम्ही आजारी होतात म्हणून तेव्हा रागावता आलं नाही, आणि आता तुम्ही नाहीत.

ताईनं कुंडी नेली नाही. मी दोन्ही हातांनी पुढं केली होती, घेऊन जा, तुझ्याकडं जगेल म्हटलं. तिच्या हातून काहीही जगतं, कारण तिला बघायला वेळच नसतो. ती म्हणाली, "मले बी दे पाच-सात. झाड तुझ्याजवळच राहू दे." मी चिंधी सोडून बी तिच्या रुमालात बांधून दिलं. दसऱ्याला येऊन रोपं दाखवीन म्हणाली.

हे कागद तिला वाचायला द्यावेत असं एकदा मनात आलं, पण नको, ती पुन्हा हसेल. नवतपा परवा लागतो आहे. आज दुपारी दोनला पानं लोंबली होती. बाबा, मी दरवेळी कुंडीजवळ उभा राहून तुम्हाला विचारतो, घालू का पाणी? तुम्ही नाहीच म्हणता. आणि खरं सांगायचं तर, तरीही मी अर्धा मग घालतोच.