बाबा नसलेला अल्बम

ड्रमशॅन्बो, लीट्रिम
४ फेब्रुवारी १९९७

चि. फियाक्रा यास ब्रोनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा दुसरा अल्बम निघतोय हे मला खाटकाच्या दुकानात कळलं. शाबास! अभिनंदन नंतर. आधी आईचा प्रश्न : ह्यात आम्ही कोण कोण आहोत?

हसू नकोस. बाबा आपल्याला टाकून लिव्हरपूलला गेले, त्या हिवाळ्यावरच्या गाण्यानं तुला नाव मिळालं. इथं बाबांना तोंड लपवायची पाळी आली. ते पबमध्ये शिरले की कोपऱ्यातली पोरं तीच चाल गुणगुणायची. आता ते पबमध्ये जात नाहीत. रविवारी चर्चलासुद्धा शेजारच्या गावी जातात. तू खोटं लिहिलं नाहीस, मीही तेव्हा घरातच होते. पण वसंतात ते परत आले, त्याचं गाणं कुठंय?

पहिला अल्बम आल्यापासून तुम्ही दोघं बोललेला नाहीत. आणखी एक तसलंच गाणं आलं, तर पुढं कधी बोलाल असं मला वाटत नाही. काय ते खरं कळव. लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते उत्तर आल्यावर ठरवू.

तुझी,
ब्रोना

स्लायगो
८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खाटकाला नमस्कार. आईला सांग, ह्यात घरचं कुणीच नाही. समुद्र आहे, डब्लिनचा घरमालक आहे, आणि एक मोडलेलं प्रेम आहे. तिचं नाव विचारू नकोस. बाबांवर एक गाणं केलं होतं, तेही काढून टाकलं. चांगलं झालं होतं, म्हणूनच भीती वाटली.

ह्या वेळी विजेची गिटार नाही, ड्रम नाहीत. आमचा ड्रमवाला रुसून गेला. म्हणाला, मग ह्याला रॉक कोण म्हणणार? बंद पडलेल्या एका शाळेत ध्वनिमुद्रण चाललंय. फोन नाही, शेगडी धूर फार करते, पण आवाज सुरेख येतो.

आईला सा. न. बाबांना काय लिहावं ते सुचत नाही.

तुझा,
फियाक्रा

ड्रमशॅन्बो
१२ फेब्रुवारी

चि. फियाक्रास आशीर्वाद.

घोटाळा झालाय. बाबांना बरं वाटेल म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, म्हणजे आता मी एका गाण्याच्याही लायकीचा राहिलो नाही!

आज दुधाच्या टँकरवर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवून ते स्वतःची गाडी काढून तुझ्याकडे निघालेत. हे पत्र येण्याआधी ते तिथं पोचलेले असतील. आईनं हॅमची सँडविचं बांधून दिलीत खरी, पण तेव्हापासून ती सारखी दारात जाऊन येतेय. उलट टपाली लिही.

ब्रोना

स्लायगो
१३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडू दे. भांडण झालं नाही.

बाबा काल आले, टोपी न काढताच मागच्या बाकावर बसले. आम्ही एक जलद गाणं घेत होतो, पण ते रंगात येतच नव्हतं. मग मागून खाड खाड ऐकू आलं. बाबांचा पाय! टाच, चवडा, टाच, चवडा. ध्वनिमुद्रकानं मला थांबू नको म्हणून खुणावलं. गाणं संपलं तर बाबा लालबुंद. तुझं काम नासवलं म्हणाले. आम्ही त्यांना पुन्हा वाजवा म्हणून विनवलं, तर आधी चहा मागितला.

सँडविचं खाताना माझ्याकडे न बघता ते म्हणाले, की गाणं खरं होतं रे, पण ते मला रेडिओवर, चार लोकांत ऐकावं लागलं. मी चुकलो म्हणालो आणि काढून टाकलेलं गाणं म्हणून दाखवलं. ते नाक ओढत राहिले. मग म्हणाले, की लिव्हरपूलला मी गोदीवर नव्हतो, बिस्किटांच्या कारखान्यात होतो. लिहायचंच तर नीट लिही. यमक बसत नाही म्हटलं, तर म्हणाले, बसव!

तेव्हा गाणं राहतंय, बिस्किटांसकट. खूप दिवसांनी मोकळं वाटलं, ताई. बाबा आत्ता कोट उशाला घेऊन बाकावर घोरतायत. माइकमध्ये सगळं येतंय, म्हणून काम थांबवलंय. उठवायला कुणीच तयार नाही.

आईला सा. न. आता तरी लोभ वाढव.

तुझा,
फियाक्रा