टनिक्लिफने बसवलेली खिडकी

१२ जानेवारी
ठरलं. केटरिंगचं घर विकायचं आणि लेकीकडे, व्हिटबीला राहायला जायचं. इमोजेनला मेअखेर बाळ होणार, त्याआधी आपण दोघं तिथे हवेत, असं माझ्या बायकोचं, हिलरीचं म्हणणं. झोपायच्या खोलीची खिडकी कुजली आहे, तेवढी बदलली की घर कोणीही डोळे मिटून घेईल. हे काम मी अंगावर घेतलंय. बत्तीस वर्षं शाळा सांभाळली, एक खिडकीवाला म्हणजे काय!

१९ जानेवारी
हिलरीचा सल्ला: नोंदणी असलेलाच माणूस बघ, काम नियमाप्रमाणे झाल्याचं सर्टिफिकेट तोच देतो. नाहीतर आधी कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. मी म्हटलं, कागदावरून माणूस कळत नाही. टनिक्लिफला भेटलो. स्वतःच्या कुत्र्याबद्दल फार प्रेमाने बोलतो. सर्टिफिकेटचं विचारलं तर म्हणाला, बघू की. मोकळा माणूस. काम त्यालाच दिलं.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
मंगळवारी आठ ते एकच्या दरम्यान येणार होता. आज गुरुवारी उगवला. कडक समज देणार होतो, पण बिचारा भिजून आला होता. चहा दिला. तीन चमचे साखर घेतो.

दुपारी ४
खिडकी बसली. दिसायला झकास. फक्त उघडत नाही. म्हणजे वरची चिंचोळी झडप तेवढी उघडते, मांजर जाईल, तेही बारीक असेल तर. जुनी सताड उघडायची. टनिक्लिफने विचारलं, सगळं मनासारखं झालं ना? इतका दमला होता, मी म्हटलं, एकदम छान. ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सहीही केली. सही म्हणजे नुसता उपचार. उद्या फोन करून झापतो.

६ फेब्रुवारी
फोन केला नाही. शुक्रवारी कुणाचा मूड घालवू नये.

२ मार्च
गिऱ्हाईक मिळालं! ओकशॉट नवरा-बायको. त्यांच्या वकिलाने खिडकीचं सर्टिफिकेट मागितलंय. हिलरीने माझ्याकडे पाहिलं. काम प्रगतीवर आहे, असं मी सांगितलं. आजपासून खरंच आहे.

९ मार्च
टनिक्लिफला खरमरीत पत्र टाकलं. पहिल्या मसुद्यात ‘अत्यंत निराश’ होतं. फार झालं. ‘निराश’ केलं. शेवटी ‘किंचित निराश’ ठेवलं. वाचून घाम फुटेल त्याला. खाली ‘कुत्र्याला प्रेम’ असंही लिहिलं. उगाच संबंध का बिघडवायचे?

३० मार्च
उत्तर नाही. घाबरला असावा.

१६ एप्रिल
टनिक्लिफकडून सर्टिफिकेट येईना म्हणून मागाहून कौन्सिलकडे अर्ज केला होता, त्यांच्या पिंडरबाई तपासणीला आल्या. आग लागली तर या खोलीतून बाहेर कसे पडाल, असं विचारलं. मी जिना दाखवला. जिन्यातच आग असेल तर, म्हणाल्या. हा नकारात्मक विचार झाला. नवी खिडकी जुनीपेक्षा वाईट चालत नाही, बदला, मग सर्टिफिकेट, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

१७ एप्रिल
ग्राहक सल्ला केंद्राला फोन लावला. तक्रारीचा पुरावा काय, असं तिथल्या गृहस्थांनी विचारलं. माझ्याकडे समाधानाची सही, ‘किंचित निराश’ची प्रत आणि इंटरनेटवर मीच दिलेले पाच तारे आहेत. (तारे देताना टनिक्लिफ शेजारी उभा होता, काय करणार?) इतकं एकतर्फी प्रकरण आपण कधी पाहिलं नाही, असं ते म्हणाले. म्हणजे बाजू भक्कम आहे.

१२ मे
ओकशॉट मंडळींनी दुसरं घर घेतलं. हिलरीने बॅग भरली. भरता भरता शांतपणे विचारलं, खिडकी उघडत नाही हे तुला कधी कळलं? पहिल्याच दिवशी, मी म्हटलं. दहा चाळीसच्या गाडीने एकटीच गेली. मी नको म्हणालो नाही. जेवणाला उकडलेलं अंडं. घर खायला उठलंय.

१४ मे
टनिक्लिफ दारात हजर, तोही वेळेवर. हिलरीने गाडीतून त्याला फोन केला होता. दीड मिनिट बोलल्या बाई, म्हणाला. चेहरा पडलेला. मला वाटलं तुम्हाला तशीच हवी होती, एकदा सांगायचं ना साहेब, असं म्हणत दोन तासांत बदलून दिली. आता सताड उघडते. पिंडरबाई सोमवारी येऊन पास करून गेल्या की सर्टिफिकेट हातात. दाखवायला गिऱ्हाईक मात्र नाही.

२८ मे
हिलरीचा फोन. मुलगी झाली, पहाटे. दोघी सुखरूप. मला रडू आलं, ते खोकल्यात लपवलं. मी कधी येऊ, असं विचारलं. घर विकलं गेलं की ये, म्हणाली. मग विचारलं, बाळ कुणावर गेलंय?

“काही आवडलं नाही की त्याच क्षणी भोकाड पसरते,” हिलरी म्हणाली. “तुझ्यावर अजिबात गेलेली नाही.”

मला फार बरं वाटलं.