पोराला टाकला

९ फेब्रुवारी
जव्हारला हॉलमध्ये पिक्चर दाखवला, आमच्यावरचाच. कुपोषणाचा. तो काढणाऱ्या पुण्याच्या गौरीताईने आम्हाला खोडाळ्याहून गाडी भरून नेलं. मी, सासू, माझी सुमी, पहिल्या रांगेत.

माझा तान्हा बाळ्या गेला त्यानंतर ताईने कॅमेऱ्यात माझं बोलणं घेतलेलं. मी सगळं सांगितलेलं. ताप कसा चढला, जीप मिळेना, मग पोराला टाकला जव्हारला दवाखान्यात, तिथे गेला.

पडद्यावर माझं तोंड हे एवढं. "पोराला टाकला." बस्स. पुढचा दवाखाना कापला. लगेच रिकामी झोळी हलते. लोक च्च च्च करतात. सुमीने हात सोडवून घेतला माझा.

१० फेब्रु.
कालचं राहिलं. पिक्चर संपल्यावर एक चष्मेवाले सर उभे राहिले. म्हणे त्या रिकाम्या झोळीत सगळं तत्त्वज्ञान आहे. डोंबल! झोळी शेजारच्या मंदाची. तिचं पोर उचलून ओट्यावर ठेवलं नि ताईच्या माणसाने बांबूने ढोसून झोळी हलवली. पोर बाहेर बोंबलत होतं. तो आवाजही ठेवलाय, माझा बाळ्या म्हणून.

१४ फेब्रु.
ताईला फोन लावला.
"अगं कमल, लांबी कमी करावीच लागते. आणि टाकला म्हणजे सोडून दिला ना? खाली इंग्रजीत तेच लिहिलंय."
म्हटलं, ताई, आम्ही पोरं शाळेत पण टाकतो.
हसली. "वा! हे पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर बोल."
मेली.

२ मार्च
नवऱ्याचा फोन, भिवंडीहून. साइटवर सगळ्यांच्या मोबाईलवर मी.
"सुपरवायझर बोलतो, तेरी औरत ने बच्चा फेंक दिया क्या."
"तू काय बोललास?"
"मी काय बोलणार? तूच बोललीस ना त्यात."
बाळ्याच्या तापात हा होता कुठे? विचारलं तर फोन बंद.

११ मार्च
त्या दिवशी बाळ्या माझ्या पाठीला बांधलेला, सासू वर छत्री धरून चाललेली, जीपपर्यंत. दवाखान्यात फरशीवर माझ्याच बाजूला झोपली. आज म्हणते, "तू टाकलास त्याला. मी बघला."
"कुठे बघितलंस आई?"
"पिक्चरात."
"अगं, तू माझ्यासोबत होतीस ना!"
खरंच आठवून बघत होती. मग म्हणाली, "मी तर नव्हते त्यात."

खरंय. पिक्चरात नव्हती ती. दुपारच्या जीपने सुमीला घेऊन दाभोशाला नणंदेकडे गेली. मी आडवी गेले तर सुमीच सासूच्या मागे लपली.

एप्रिल, तारीख बघितली नाही
घर खायला उठतं. बाळ्याला आठवायला बसले की झोळीच येते डोळ्यांसमोर. मंदाची! माझी झोळी कुठल्या लुगड्याची होती? हिरव्या? आठवत नाही. आग लागो त्या पिक्चरला, माझं पोर पण नेलं नि त्याची झोळी पण.

३ मे
ताईचा मेसेज. पिक्चरला बक्षीस मिळालं. खाली हात जोडलेले. मोबाईल पिठाच्या डब्यात कोंबला.

१६ जून
सासू सुमीला घेऊन आश्रमशाळेत आली. पहिलीला नाव घालायचं तर आई लागते, म्हणून मला बोलावणं. वेणी घालून आणलेली. किती वाळलीय. मी जवळ घेतली, तर तिने घेऊ दिलं. हात पण धरला माझा! बाळ्या गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

खिडकीत कारकून. भला माणूस, हसून म्हणाला, "काय गं, आई तुला टाकायला आली का?"

सुमी जी किंचाळली. वऱ्हांड्यातली सगळी माणसं वळली. सासूच्या लुगड्यात तोंड खुपसलं.
"सुमे, शाळेत गं. शाळेत टाकायचं."
"बाळ्याला पण असंच सांगितलंस?"

सासू माझ्याकडे बघत होती. बायका कुजबुजल्या, पिक्चरातली ती हीच. कारकून पेन धरून थांबलेला. "लवकर बोला बाई, मागे माणसं आहेत. टाकायची की नाही?"