यंदा खळं लांब

५ ऑक्टोबर

सकाळपासून शिंका. मोजणं सोडून दिलं. सातवा चालू आहे, त्यामुळे शिंक येणार असं वाटलं की दोन्ही हात आधी पोटाखाली जातात, नाकाचं मग. संदीप ओरडतो, "अगं रुमाल धर!" हात दोनच दिलेत देवाने, सांगितलं त्याला.

लोधिवलीच्या या ब्लॉकमागे भात पिवळं पडत चाललंय. गॅलरीतून बघत राहावंसं वाटतं. नाकाला मात्र बघवत नाही.

लहानपणी माहेरी, कोंडाण्याला, सगळे चिडवायचे, हिच्या घरी कॅलेंडर कशाला हवंय, ही शिंकली की विळे धारेला लावायचे.

८ ऑक्टो.

आईचा फोन. "दिवाळी झाली की डोहाळजेवन हितंच करू, आन् मग ऱ्हायचंच तू. पयलं बाळतपन म्हायेरीच व्हायाला पायजे."

मलाही तेच हवंय. माझ्या खोलीतली ती खिडकी, आईच्या हातची नव्या तांदळाची पेज. बाळाला घेऊन पहिलं ऊन खायला बसेन ती आमच्याच ओट्यावर, हे केव्हाचं ठरवलंय मनात.

मग आप्पांनी फोन घेतला. "बाय, यंदा मळनीची मशीन नाय सांगितली. तुझ्यासाठी अंगनात खळं करतो. पयल्यासारखी झोडनी. तू वट्यावर बसून बघ."

किती वर्षांनी! इतका आनंद झाला की नाकाचं बोललेच नाही.

९ ऑक्टो.

दिवसभर तेच डोक्यात. शेणाने सारवलेलं खळं, भारे आपटल्याचा धप् धप् आवाज, भुसा सगळीकडे. मी लाल नाकाने कोपऱ्यात. आत जा म्हटलं तरी जायची नाही. शेवटी आप्पा आपला पंचा माठाच्या पाण्यात बुडवून पिळायचे आणि माझ्या नाकातोंडावर बांधायचे. "आता बस. चोर दिसतीस." पंच्याला त्यांचाच वास. घाम, पेंढा, थोडी तंबाखू. त्या ओल्या पंच्यातून श्वास घेत मी पेंढ्याच्या उडवीवर चढायची आणि घसरत खाली यायची. रात्री डोळे सुजायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

कुठल्या अत्तराने कधी एवढं बरं वाटलं नाही.

११ ऑक्टो.

नाक पूर्ण बंद. संदीप मेडिकलमधून सर्दीची गोळी घेऊन आला, आमच्याकडे सगळे घेतात तीच. फोडली, पाणी घेतलं, आणि कसं कोण जाणे, आधी डॉ. बाईंना फोन केला. रागावल्या. "मनाने एकही गोळी नाही. बंद नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या तर आता नाहीतच. संध्याकाळी ये."

गेले. म्हणाल्या, थोडं नाक गरोदरपणातही चोंदतं, पण हे तुझं जुनंच दुखणं आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. त्यांनी लिहिलेला स्प्रे, तेवढाच. सकाळी खिडक्या बंद. बाहेर मास्क. आल्यावर आंघोळ, कपडे बदल. "आणि छाती वाजायला लागली तर वाट बघत बसायचं नाही. थेट यायचं. तुला श्वास कमी पडला तर बाळालाही कमी पडतो."

शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत सोबत होतं.

खळ्याचं त्यांना सांगितलं नाही. ओट्यावर मास्क लावून बसेन की. एवढं काय.

२६ ऑक्टो., रवि.

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

बॅग भरून कोंडाण्याला गेलो, राहायलाच. गाडीतून उतरले. अंगण आरशासारखं सारवलेलं. आप्पा दोन माणसं घेऊन उभे, माझ्यासाठीच थांबलेले. माझा पाय जमिनीला लागला तसा त्यांनी पहिला भारा आपटला. हसत होते. त्यांचं ते हसणं बघून मी मास्क खाली केला. वास घ्यायचा होता. एकदाच.

आधी शिंका, मग खोकला, मग छातीत शिट्टी. आईने दारातून बघितलं आणि ताम्हण खाली ठेवलं. संदीपने मला परत गाडीत बसवलं, काचा लावल्या. आप्पा हातात भारा धरून तसेच.

तेवढ्यात आई धावत आली. "काच खाली कर रं, वाईच." आणि गाडीच्या खिडकीतूनच ओटी भरली माझी. नारळ, तांदूळ, खण. घाईत हळद कानाला लागली. अशी ओटी कोंडाण्यात कुणाची भरली नसेल.

थेट डॉ. बाईंकडे. वाफेतून औषध दिलं. मग पोटाला यंत्र लावलं. ठोके ऐकू येईपर्यंत मी देवाचं नावही विसरले होते. आले. नीट, भरभर.

संदीप जिन्यात जाऊन रडला. त्याला वाटतंय, मी बघितलं नाही.

२९ ऑक्टो.

बरी आहे. डॉ. बाईंनी स्पष्ट सांगितलं, झोडणी आणि धूळ संपेपर्यंत माहेर नाही. बाळंतिणीला आई ओवा-शेपाची धुरी देते, तीही नाही, बाळाला तर मुळीच नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आगं धुरीवाचून बाळतीन कशी ऱ्हाईल?" "राहील गं, श्वास घेत." हसली नाही.

आप्पा फोनवर येत नाहीत. आई म्हणते, त्याच दिवशी खळं मोडलं. सगळे भारे डोक्यावरून पार नदीकडच्या शेतात नेले. अंगण दोनदा धुतलं. जेवायला बसले की म्हणतात, "म्याच बोलावलं तिला खळ्यावर."

डॉ. बाई काय म्हणाल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं.

९ नोव्हें.

शेवटी आप्पा बोलले. "आपलं भात झालं बाय. शेजारच्यांचंबी होईल." मग म्हणाले, "पन माळावरचं गवत हाय अजून. कापनी, मग वाळवनी, मग गाठी बांधून तबेल्यांला जाईल. ते काय लवकर आवरत नाय."

भात संपलं की गवत. हे मी विसरलेच होते. मुंबईच्या म्हशींना जेवायला घालता घालता माझं बाळंतपण लोधिवलीतच होणार बहुतेक. आईच येते म्हणते. पण मला आई नको आहे नुसती, घर हवंय. मोठी झाले तरी.

१६ नोव्हें., रवि.

आप्पा आले. नवे तांदूळ घेऊन, स्कूटरवरून.

दार उघडलं तर लग्नातले कपडे! पेटीतून काढलेले, डांबरगोळ्यांचा वास. डोक्याला पंचा नाही. उंबऱ्याबाहेरच थांबले, हात मागे बांधून. "आंगूळ करून आलोय. दोनदा साबन लावलाय. शिवू का तुला?"

मीच धरलं त्यांना. रडले. नाक चोंदलं ते रडण्याने, स्प्रेला कशाला दोष द्या.

पण नाक चोंदण्याआधी, जवळ घेतलं तेव्हाच, मला आप्पा सापडेनात. नुसता साबण आणि डांबरगोळ्या. इतकी वर्षं मी वासावरून ओळखत होते की काय त्यांना?

पेज केली. त्यांनी भुरके मारत खाल्ली, तेवढं मात्र तेच. निघाले तेव्हा मी बंद खिडकीतून बघत होते. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी जुना पंचा काढला, झटकला, डोक्याला गुंडाळला. झाले परत आप्पा. वर बघून हात केला. माझा हात कडीवर होता. उघडली नाही.

१८ नोव्हें.

डॉ. बाईंनी छाती ऐकली, स्वच्छ आहे. "गवताचं काय होतंय ते बघू, मग ठरवू." ना हो, ना नाही.

संध्याकाळी आप्पांना फोनवर विचारलं, "बाळ माझ्यासारखं शिंकरं निघालं तर?"

"तर वला पंचा हाय की घरात."

"आणि नाही निघालं तर?"

"तर उडवी हाय. यंदा लांब रचलीय, पन रचलीय."

माहेरची बॅग अजून रिकामी केलेली नाही. संदीपने कपाटावर ठेवायला घेतली, मी म्हटलं, राहू दे दाराजवळच.