मखमलच्या पोटातला राक्षस

भिवंडी,
सोमवार, दुपार

आदरणीय जुबैदा फुफी,

अस्सलामु अलैकुम. म्हसळ्याची हवा तुम्हाला मानवली असेल, गुडघे कुरकुरत नसतील आणि तुमच्या रमशाला बाळंतपणात तुम्ही पलंगावरून पाय खाली ठेवू देत नसाल, याची मला खात्री आहे. (बाळ कुणावर गेलंय ते कळवा. फोटोत मला ते हुबेहूब अब्बांसारखं वाटलं, पण या वयात सगळीच बाळं अब्बांसारखी दिसतात. डोक्यावर केस नाहीत आणि चेहऱ्यावर नाराजी.) इकडे मी, अब्बा आणि तुम्ही माझ्या हवाली करून गेलेली मखमल बकरी, तिघंही सुखरूप आहोत. मखमल सुखरूप आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही छातीवर हात ठेवून बसणार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मी बोलून पाठवलेलं तुम्ही स्पीकरवर लावता आणि ते रमशाची सासू, शेजारीण आणि दारातला मासळीवाला असे सगळे मिळून ऐकतात. लिहून पाठवलं तर तुम्ही ते शुद्ध करून परत पाठवता. (शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं लाल पेन अजून नोकरीवर आहे.) पत्र तुम्ही एकट्या वाचाल आणि दुरुस्त करून परत पाठवायला तिकीट लागेल, म्हणून पत्र.

आपल्या कापडाच्या कारखान्याबद्दल अब्बांनी तुम्हाला सांगितलं असेलच. लूम भंगारात गेले, एकच उरलाय, तोही भंगारवाल्याला उचलवेना म्हणून. आता दापोड्याच्या एका गोदामवाल्या पार्टीला ती जागा खोके ठेवायला भाड्यानं हवी आहे. अर्धी जागा तुमच्या नावावर असल्यामुळे कागदावर तुमची सही लागेल, आणि अब्बा या आठवड्यात पार्टीला जवाब देणार आहेत. त्या कारखान्यात खिडकीखाली माझं टेबल आहे. खोके आत आले की मी बाहेर, कारण घरात तुम्हाला ठाऊकच आहे, ताट ठेवायचं तर वाटी उचलावी लागते. या विषयावर मी एक अक्षरही जास्त लिहिणार नाही. हे पत्र बकरीबद्दल आहे.

तर, जाताना तुम्ही विचारलं होतंत की मी दिवसभर भाजी विणत असते काय. फुफी, ती भाजी नाही, ते राक्षस आहेत. एक खेळ असतो. पाच-सहाजण टेबलाभोवती बसतात, एकजण जंगलाची, किल्ल्याची गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले वीर होतात आणि जगायचं की मरायचं ते फासे टाकून ठरवतात. (मोठी माणसं, नोकरीवाली, चष्मेवाली. मीसुद्धा आधी हसले होते.) या वीरांना मारायला राक्षस लागतात आणि टेबलावर मांडायला त्यांच्या छोट्या मूर्ती लागतात, दोन बोटं उंच. बाजारात मिळतात त्या साच्यातल्या, सगळ्या एका आईच्या. मी हातानं करते, आणि फक्त झाडांचे: माणूस गिळणारं फूल, पायात अडकणारी वेल, रात्री जागा बदलणारं झुडूप. ठाण्याला हितेश नावाच्या माणसाचं अशा खेळांचं दुकान आहे, तो सगळे घेतो. माझ्यासारखे झाडराक्षस करणारं दुसरं कुणी त्याला सापडलेलं नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगते.

आणि सापडणारही नाही, कारण भिवंडीबाहेर हे जमायचंच नाही. अंग घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीचं, ती अंबाडी गावच्या बाजारात बसणारी गंगू माझ्यासाठी राखून ठेवते. कणा जळालेल्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेचा. दात मांदेलीच्या काट्यांचे. (तीनदा उकळून. वास येत नाही. अब्बा येतो म्हणतात, पण त्यांना साबणालाही वास येतो.) आणि वेली, मुळं, झिपऱ्या, सगळं शेजारच्या लूमवरच्या टाकाऊ, वेस्ट सुताचं. विणण्याआधी सूत कडक करायला सायझिंगवाले लावतात तीच खळ मी लावते, मग सूत बोटानं वळवाल तसं वळतं आणि उन्हात सुकलं की तारेसारखं उभं राहतं. बंगलोर-पुण्याचे लोक यासाठी परदेशातून महागडा लगदा मागवतात. त्यांची मला दया येते.

मागच्या आठवड्यात मी माझा सगळ्यात मोठा राक्षस पुरा केला. घोसाळासुर. चार बोटं उंच, कमरेपासून खाली नुसती मुळं, डोक्यावर वेलींचा डोंगर आणि तोंड असं की मीच रंगवताना दोनदा दचकले. हितेशनं हा खास मागितला होता, या महिन्याच्या मोठ्या खेळासाठी. म्हणाला होता, हा जमला तर यापुढे दर मोठ्या खेळाचा राक्षस तुझाच. खळ सुकावी म्हणून मी त्याला कारखान्याच्या दारातल्या खाटेवर उन्हात ठेवला आणि फक्त भात उतरवायला घरात गेले. परत येते तर खाट रिकामी, आणि खाटेला खेटून मखमल उभी. डोळे अर्धे मिटलेले, जबडा चालू आणि ओठाच्या कोपऱ्यातून हिरवा धागा लोंबतोय.

मी आधी रडले. हे लपवत नाही; इतकं रडले की मखमलनं चघळणं थांबवलं. तेवढ्यात अब्बा चहा पिऊन आले, त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, खाकरले आणि पुन्हा चहाला निघून गेले. (लागोपाठ दोन चहा ते कधीच घेत नाहीत, त्यांनाही धक्का बसला असावा.) मग मी डोळे पुसले आणि शांतपणे विचार केला. फुफी, बकरी सगळं खाते हे लोकांचं म्हणणं तुमच्या मखमलला लागू नाही. ती कोमेजलेला पाला हुंगून सोडते, काल कापलेलं गवत तोंडात धरत नाही. तिनं घोसाळासुर खाल्ला, याचा अर्थ तिला तो खरा, जिवंत, ताजा पाला वाटला. वीरांना फाडून खाणारा राक्षस एका बकरीनं उभ्या-उभ्या संपवला, यात राक्षसाची बेअब्रू असेल, पण माझ्या हाताची केवढी इज्जत! असं सर्टिफिकेट पुण्यात कुणाकडे आहे?

मात्र तारेची काळजी होती. मी गंगूला फोन केला. ती पोटभर हसली आणि म्हणाली, "पोटात काय हाय तं एरंडेल पाज, भायेर येल. न्हाय आलं तं म्हंजे न्हायच त्यात." एरंडेल पाजलं. (मखमलला नाही आवडलं. माझ्या ओढणीलाही नाही.) सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काय खाल्लं म्हणून विचारलं. मी सांगितलं, "राक्षस." त्यांनी चष्मा काढून माझंही तोंड नीट पाहिलं आणि लेंड्यांवर नजर ठेवा म्हणाले. मी नुसती नजर ठेवणारी नाही, मी चाळल्या. अब्बा हे सगळं दारातून बघत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता रागावणार, पण "राहू दे ना आता" एवढंच म्हणून ते पुन्हा चहाला गेले. तार निघाली नाही, दात निघाले नाहीत, मोहरीचे डोळेही निघाले नाहीत. मखमल मात्र पूर्वीपेक्षा जास्त दूध देते आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

हितेशला मी खरं ते कळवलं आणि पुरावा म्हणून मखमलचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, दुसरा कर, मुदत तीच. दुसरा मी करीनच, आणि पहिल्यापेक्षा सरस करीन. हात माझेच आहेत, ते काही बकरीनं खाल्लेले नाहीत. फक्त करायला चार हात जागा आणि खिडकी लागते. पण तो विषय या पत्रात नाही.

रमशाला प्रेम, बाळाला पापा, तिच्या सासूला अदबीनं सलाम.

तुमची लाडकी (हे तुम्ही खोडणार नाही अशी आशा आहे),
जोहा

ता. क. चाळण नवीन आणली असं मी फोनवर म्हणाले होते. लेंड्या चाळल्या ती तुमची होती. पिठाची. आता ती मखमलची आहे.

ता. क. फुफी, सही करू नका. बकरीचं सगळं खरं आहे, पण पत्र यासाठीच लिहिलंय. अब्बांशी मी भांडू शकत नाही. ते भांडतच नाहीत, नुसते गप्प बसतात आणि मग मलाच वाईट वाटतं. लूम गेल्यापासून ते त्या कारखान्यात पाऊल टाकत नाहीत, दारातूनच परत फिरतात. त्यांना ती जागा डोळ्यांसमोर नको आहे, हे मला कळतं. पण मला ती हवी आहे. मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण आहात, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. हे पत्र तेच पोस्टात टाकणार आहेत, पण घाबरू नका, पाकीट मी खळीनं चिकटवलंय. कुणाच्या बापाला उघडायचं नाही.

आपा, सलाम. खळ पाण्यानं सुटते, इतका जन्म सायझिंगच्या शेजारी काढून पोरीला हे माहीत न्हाय.

राक्षस बकरीनं खाल्लेला न्हाय. माझ्याकडे हाय. खाटेवर दिसला, आवडला, म्हणून आपल्याकडं लूम चालवायचा त्या यूनुसला दाखवायला चहाच्या हॉटेलात घेऊन गेलो. मखमलच्या तोंडातला धागा कचऱ्यातला, वेस्टचं सूत ती रोज खाते. यूनुसनं राक्षस उलटासुलटा करून सुताची गाठ शोधली, त्याला सापडली न्हाय. बोलला, तुझ्या अम्मा अशी गाठ मारायच्या, कापडावरून बोट फिरवलं तरी लागायची न्हाय. आपा, मला तिथं बसवेना. चहा टाकून घरी आलो तर ही बकरीच्या गळ्यात पडून रडतेय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. न्हाय सांगितलं. मग एरंडेल झालं, डॉक्टर झाला, चाळण झाली, आणि मग सांगायला तोंडच राहिलं न्हाय.

दापोड्याच्या पार्टीला मी परवाच 'न्हाय' म्हणून सांगितलं. जागा पोरीचीच. पण हे तिला तुझ्याकडून कळू दे, तू सही दिली न्हाय म्हणून झालं असं सांग. मी सांगायला गेलो तर राक्षसाचंही सांगावं लागेल, मग ती तो परत मागेल, आणि तो मी द्यायचा न्हाय.

तुझा भाऊ,
अफजल