सावधानमधला गुडघा

चिखली, मंगळवार

चि. शंतनु,

आशीर्वाद शेवटी उरले तर देईन.

आईच्या नव्या गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो मी तुला पाठवला. तू बँकेत कर्जं मंजूर करतोस, हाडं नाही, हे विसरले. तू पुण्यात बसून मोबाइलवर फूटपट्टी ठेवलीस आणि थेट आईलाच फोन केलास, "पाय वाकडा बसवलाय." तेव्हापासून तिनं चालणं सोडलंय.

चालली नाही तर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून काल तिला पुन्हा नेलं. एक्स-रेवाला म्हणाला, "आजी, सरळ उभ्या राहा." जन्मभर प्रार्थनेला पोरं उभी करणाऱ्या आपल्या मास्तरीणबाई चक्क सावधानमध्ये उभ्या राहिल्या. टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर.

डॉक्टर हसले. "मागच्या वेळीही अशाच उभ्या होत्या वाटतं. पाय बाहेर वळला की सरळ गुडघाही फोटोत वाकडा दिसतो." मग गुडघ्याची वाटी बरोबर समोर आणून फोटो काढला. गुडघा सरळ आहे.

आईला दाखवला, तर म्हणते, "शंतनुले दिसलं ना वाकडं? मंग कशाले चालू?"

तिला रोज उठवते मी, आणि दिसतं मात्र तुला!

म्हणून हे पत्र फाडणार आहे. आता फोन करून गोड आवाजात सांगेन, "बरं झालं रे, तू लक्ष घातलंस. आता सगळं सरळ आहे. एकदा तिला चाल म्हण."

तू म्हटलंस की ती उठेल. हात धरायला मी उभी आहेच.

उरलेले आशीर्वाद,
नीरजाताई