कुरवाचा डोळा

३ डिसेंबर
आजपासून पक्षिनिरीक्षण. रिटायर झाल्यावर नुसता पेपर चाळत बसणाऱ्यांतला मी नाही. (शिवाय पेपरची छपाई हल्ली फारच पुसट येते.) बंदरावर लांबच्या देशांतून कुरव, म्हणजे सीगल, आलेत. दोन जाती. एक काळ्या डोक्याचा, एक तपकिरी डोक्याचा. पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी! मग ओळखायचं डोळ्यावरून. फिकट डोळा म्हणजे तपकिरी डोक्याचा, गडद डोळा म्हणजे दुसरा. सोपं आहे. आठवड्यात एक्स्पर्ट.

६ डिसेंबर
धुकं. काही दिसलं नाही. बायको म्हणाली, धुकं कुठाय? हिला समुद्राची हवा कळत नाही.

९ डिसेंबर
दुर्बीण भिकार निघाली. एका कुरवाचे दोन दिसतात. दुकानदाराला झाडला. त्याने बाहेर येऊन स्वतः डोळ्याला लावली आणि रस्त्यापलीकडची पाटी घडाघडा वाचून दाखवली. पाठ असणार.

१४ डिसेंबर
धक्क्याची पायरी चुकली. गुडघा फुटला. एकसारख्या पायऱ्या बांधायला यांच्या बापाचं काय जातं?

२० डिसेंबर, दुपार
अखेर सापडला! पाण्यावर शांत बसलेला, डोळा फिकट. लगेच पक्षिमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सेक्रेटरीबाईंचं उत्तर: काका, हा जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा आहे. पुढे हसरे चेहरे, असं हिने सांगितलं. ग्रुप सोडला. मोबाइल बदलणे.

२८ डिसेंबर
मुलीने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. मी कॅन्सल केली. कुरव मार्चमध्ये निघून जातील, डॉक्टर कुठे पळतोय? ही म्हणाली, अप्पांचंही असंच सुरू झालं होतं. माझ्या वडिलांचा इथे काय संबंध? ते शेवटी भिंत धरून चालायचे. मी आज बंदरापर्यंत एकटा गेलो. येताना रिक्षा केली, पण ती गुडघ्यामुळे.
जेवलो नाही.

५ जानेवारी
ही आज हट्टाने बरोबर आली. बाकावर बसलो. थोड्या वेळाने कुजबुजली, अहो, समोर कठड्यावर बसलाय बघा. मी दुर्बीण लावली. उजेड होता, पुष्कळ उजेड. दिसला, म्हटलं. डोळा कसला आहे, तिने विचारलं. फिकट, अगदी स्वच्छ फिकट. आणि आता काय करतोय? पिसं साफ करतोय, म्हटलं. मान वळवून वळवून.
ती जवळ सरकली. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "अहो, तो केव्हाच उडाला."
दुर्बीण खाली घ्यावीशी वाटेना. डोळ्याला तशीच धरून विचारलं, डोळा कसला होता गं?
"काळा होता. काळाभोर."
मुलीला फोन लाव, म्हटलं.